आधी वहीत लिही, मग एंटर दाब

वाचकाचं पत्र:

ताई, सा. न.
मी राजापूर तालुक्यातली. रत्नागिरीत खोली घेऊन राहते, कॉम्प्युटर इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. ऑपरेटिंग सिस्टिम हा विषय मागच्या सेमिस्टरला झाला, मार्क चांगले पडले. राउंड रॉबिनची, पेज रिप्लेसमेंटची गणितं माझी सहसा चुकत नाहीत. पण गेल्या महिन्यात इंटर्नशिपसाठी ऑनलाइन मुलाखत झाली. त्यांनी विचारलं, ‘टर्मिनलवर एलएस लिहून एंटर दाबलं की आत काय काय होतं ते सांग.’ मी ‘फाइलींची यादी येते’ एवढंच बोलले आणि गप्प झाले. माझा मावसभाऊ पुण्यात नोकरीला आहे. तो म्हणतो, थिअरीत वेळ घालवू नकोस, लिनक्स टाक आणि कमांड शीक. आमचे सर म्हणतात, आधी थिअरी पक्की कर, प्रॅक्टिकल मागाहून येतंच. माझ्याकडे 4 जीबी रॅमचा जुना लॅपटॉप आहे. सध्या घरी आले आहे. इथे पावसात लाईट कधी जाईल नेम नाही, आणि नेटसाठी सड्यावर जावं लागतं. सुरुवात कुठून करू? कृपया नाव छापू नये.

उत्तर:

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. मुलाखतीत गप्प झालीस म्हणून तू स्वतःला कमी लेखते आहेस, ते पहिल्यांदा थांबव. तुला येत नव्हतं असं नाही. फोर्क तुला माहीत आहे, प्रोसेसच्या (चालू असलेल्या प्रोग्रामच्या) अवस्था माहीत आहेत, इंटरप्टवर तू पाच मार्कांचं उत्तर लिहिलेलं असणार. फक्त हे सगळं त्या एका एंटरच्या मागे रांगेत उभं आहे, हे तुला कुणी कधी दाखवलं नाही.

भाऊ आणि सर दोघंही तुझ्या भल्याचंच सांगतायत, पण आधी काय आणि नंतर काय यावर दोघं अडले आहेत. माझं मत वेगळं आहे. थिअरी आणि प्रॅक्टिकल एकाच बैठकीत व्हायला हवं, आणि दोघांना सांधणारी वस्तू म्हणजे एक साधी शंभर पानी वही. कुठलाही प्रोग्राम चालवण्याआधी त्यात लिहायचं: आता काय दिसेल, आणि का. मग एंटर. दिसलं ते लिहिल्यासारखंच निघालं, तर पुढे चल. वेगळं निघालं, तर तिथे थांब. त्या दिवशी शिकण्यासारखं जे आहे ते तिथेच आहे. नुसत्या कमांड मारणाऱ्याला काहीही दिसलं तरी ‘असेल’ असं वाटतं, कारण त्याने काही अपेक्षाच केलेली नसते. नुसती थिअरी वाचणाऱ्याची अपेक्षा कधी मोडतच नाही.

आता तुझा तो एलएस. मुलाखतवाल्यांना काय ऐकायचं होतं ते सांगते.

तू किल्ली दाबलीस की कीबोर्डकडून इंटरप्ट जातो. प्रोसेसर हातातलं काम तिथेच ठेवून कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, कोडमध्ये शिरतो, अक्षर उचलतो, टर्मिनलच्या बफरमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) टाकतो आणि ते वाचायला टपून झोपलेल्या प्रोसेसला जागं करतो. एंटर आलं की शेल, म्हणजे तुझ्या कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम, ओळ तोडतं, पहिला शब्द एलएस. हा आपला स्वतःचा शब्द आहे का? नाही. मग पाथमध्ये दिलेल्या डिरेक्टरींमध्ये त्या नावाची फाइल शोधतं. सापडली की फोर्क, म्हणजे शेलची हुबेहूब प्रत. ती प्रत लगेच एक्झेक म्हणते आणि तिच्या अंगावरचा शेलचा कोड जाऊन एलएसचा कोड येतो, प्रोसेस मात्र तीच, क्रमांकही तोच. मूळ शेल तिकडे वेट करत झोपतं. एलएस डिरेक्टरी उघडतं, कर्नलकडून नोंदी मागून घेतं, नावं लावतं, राइट करतं, मरतं. कर्नल शेलला उठवतो, शेल पोराच्या, म्हणजे त्या प्रतीच्या, मरणाची नोंद घेतं आणि पुन्हा प्रॉम्प्ट दाखवतं.

यातलं एकही वाक्य माझ्यावर विश्वास ठेवून घेऊ नकोस. एसट्रेस नावाचं हत्यार टाकून घे आणि एलएस त्याच्याखाली चालव. एखादा प्रोग्राम कर्नलकडे जे जे मागतो ते सगळं ओळीने छापलं जातं. आधी वहीत लिही, किती ओळी येतील. तू बहुधा दहा-बारा म्हणशील. येतील त्याहून कितीतरी जास्त, आणि त्यातल्या बऱ्याचशा ओळींचा तुझ्या डिरेक्टरीशी संबंधच नसेल. तो सगळा लायब्ररी शोधणं, उघडणं आणि मेमरीत बसवणं यांचा पसारा. डायनॅमिक लिंकिंग हा धडा पुस्तकात चार ओळींत संपतो, इथे तो तुझ्या डोळ्यांसमोरून सरकत जातो. शेवटाकडे मात्र तुला हवं ते सापडेल: डिरेक्टरी उघडणारी एक ओळ, नोंदी वाचणाऱ्या एक-दोन, आणि मग राइट.

हे झालं की पहिला खरा प्रयोग. सीमधला पाच ओळींचा प्रोग्राम: प्रिंटएफने ‘नमस्कार’ छाप, शेवटी नवी ओळ द्यायला विसरू नकोस, त्यानंतर फोर्क कर, आणि संपव. वहीत लिही: नमस्कार किती वेळा? छापलं फोर्कच्या आधी, तेव्हा प्रोसेस एकच होती, म्हणून एकदा. टर्मिनलवर चालव. एकदाच येईल. बरोबर.

आता तोच प्रोग्राम, अक्षरही न बदलता, त्याचं आउटपुट फाइलमध्ये वळव आणि फाइल उघड. नमस्कार दोनदा.

इथे मला तुझ्या शेजारी बसायला आवडलं असतं. हा प्रयोग मी पहिल्यांदा केला तेव्हा मला कंपायलर बिघडला असं वाटलं होतं, आणि संपूर्ण संध्याकाळ त्यात गेली. मग कळलं ते असं. प्रिंटएफ थेट कर्नलकडे जात नाही. ते आधी तुझ्याच प्रोसेसच्या मेमरीत, एका बफरमध्ये अक्षरं साठवतं. टर्मिनल असेल तर नवी ओळ आली की बफर रिकामा होतो. फाइल असेल तर बफर भरेपर्यंत किंवा प्रोग्राम संपेपर्यंत थांबतो. म्हणजे फोर्क झाला त्या क्षणी ‘नमस्कार’ अजून पोटातच होता. फोर्क सगळ्या मेमरीची प्रत करतो, त्यात हा न छापलेला नमस्कारही आला. मग संपताना आईनेही, म्हणजे मूळ प्रोसेसनेही, छापला, पोरानेही. त्या एका जास्तीच्या शब्दात फोर्क म्हणजे काय, लायब्ररी आणि कर्नल यांच्यातली सीमा कुठे आहे, आणि बफरिंग कशासाठी, हे तिन्ही धडे आले. नवी ओळ काढून टाकून टर्मिनलवरच चालवलं तर काय होईल, ते आता तूच सांगू शकशील. लिही आणि बघ.

यानंतर स्वतःचं छोटं शेल लिही. घाबरू नकोस, शंभरेक ओळींत होतं: ओळ वाच, शब्द तोड, फोर्क, एक्झेक, वेट, पुन्हा पहिल्यापासून. ते चालायला लागलं की त्यात सीडी, म्हणजे डिरेक्टरी बदलायची कमांड, टाइप कर. बहुधा त्या नावाची फाइलच सापडणार नाही, आणि सापडली तरी तू होतीस त्याच डिरेक्टरीत राहशील. का? थोडा वेळ स्वतः विचार कर, पुढची ओळ हाताने झाकून ठेव. फाइल सापडली तरी डिरेक्टरी बदलेल ती पोराची, पोर मरेल, आईची डिरेक्टरी होती तिथेच. म्हणून सीडी शेलच्या पोटातच असावी लागते. ‘प्रत्येक प्रोसेसची स्वतंत्र करंट डिरेक्टरी असते’ हे वाक्य तू पाठ केलेलं असशील. आता ते कशासाठी आहे ते समजेल. त्याच शेलमध्ये वेट करायचं मुद्दाम गाळून बघ आणि दुसऱ्या खिडकीत सगळ्या प्रोसेस दाखवणारं ‘पीएस एयूएक्स’ चालव: मेलेल्या पोरांच्या नावापुढे झेड दिसेल. झोंबी प्रोसेसवर तू टीप लिहिलीच असशील, ती ही.

मेमरीचा प्रयोग तुझ्या 4 जीबीवर उलट जास्त चांगला कळतो. मॅलॉकने, म्हणजे सीमधल्या मेमरी मागायच्या फंक्शनने, 1 जीबी माग आणि प्रोग्राम अर्धा मिनिट झोपव. दुसऱ्या खिडकीत टॉप ही कमांड लावून दोन रकाने बघ, व्हर्च्युअल आणि रेसिडेंट. तुझा अंदाज असेल की 1 जीबी रॅम गेली. पहिला रकाना फुगलेला दिसेल, दुसरा जागचा हलणार नाही. कर्नलने तुला जागा दिली नाही, जागेचा वायदा दिला. आता प्रत्येक पानातल्या एका बाइटला हात लाव, म्हणजे दर 4096 बाइटना एक लिही, आणि पुन्हा बघ. दुसरा रकाना चढायला लागेल, कारण प्रत्येक नव्या पानाला हात लावला की पेज फॉल्ट होतो आणि तेव्हा कुठे खरी जागा मिळते. गणित कर: 1 जीबी भागिले 4096, म्हणजे 2,62,144 पानं, तेवढेच फॉल्ट यायला हवेत. मोजून बघ. कदाचित जवळपास तेवढेच येतील, कदाचित पाचशेच्या आसपास येतील. पाचशे आले तर गणित चुकलेलं नाही. तुझं लिनक्स 2 एमबीची मोठी पानं वापरतंय, आणि 1 जीबीत ती 512 बसतात. पुस्तकात पानाचा आकार एकच असतो, मशीनवर एकाहून अधिक असू शकतात. हा फरक तुला वहीतल्या आकड्यानेच दाखवला. आकडा लिहून न ठेवता बघितलं असतंस तर पाचशे बारा वाचून पुढे गेली असतीस.

गणितं येतात म्हणतेस ना, ती टाकून द्यायची नाहीत. भावाचं मला इथे पटत नाही. बेलाडीची विसंगती घे. 1969 साली आयबीएममधल्या बेलाडी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की फिफो पद्धतीत (आधी आलेलं पान आधी बाहेर) जास्त फ्रेम, म्हणजे रॅममधल्या पानांच्या जागा, देऊनही फॉल्ट वाढू शकतात. 1, 2, 3, 4, 1, 2, 5, 1, 2, 3, 4, 5 ही मागणी कागदावर सोडव: तीन फ्रेमना 9 फॉल्ट, चार फ्रेमना 10. मग त्याचा वीस-तीस ओळींचा प्रोग्राम लिही आणि फिफोच्या जागी एलआरयू (सगळ्यात जास्त काळ हात न लागलेलं पान आधी बाहेर) लावून बघ: तीन फ्रेमना 10, चारला 8. हे कुठलीही कमांड तुला सांगणार नाही, हे कागदावरच सुचतं. आणि पुढचा प्रश्न स्वतःला विचार, की एलआरयू इतकं चांगलं तर लिनक्स ते जसंच्या तसं का वापरत नाही? कारण मेमरीच्या प्रत्येक स्पर्शाची वेळ नोंदायला लागली तर नोंदणीतच मशीनचा जीव जाईल. म्हणून हार्डवेअर प्रत्येक पानाला ‘हात लागला’ अशी एक खूण देतं, आणि कर्नल त्या खुणेवर अंदाजे काम भागवतो.

थ्रेडवर, म्हणजे एकाच प्रोसेसमध्ये तीच मेमरी वापरत एकदम चालणाऱ्या कामांवर, जरा जास्त वेळ काढ. मुलाखतीत लोक सगळ्यात जास्त इथे घसरतात, आणि नोकरीत तर हमखास. एक मोजणी ठेव, दोन थ्रेड कर, प्रत्येकाने तीत एक कोटी वेळा एक मिळवायचा. उत्तर दोन कोटी यायला हवं. येणार नाही. दर वेळी वेगळं आणि कमी येईल. एक मिळवणं म्हणजे खरं तर तीन कामं: मेमरीतून आण, वाढव, परत ठेव. दोघांनी एकदम आणलं, दोघांनी वाढवलं, दोघांनी तेच ठेवलं, की एक मिळवणी बुडाली. कंपाइल करताना ऑप्टिमायझेशन लावू नकोस हं. लावलंस तर कंपायलर सगळा लूप एका बेरजेत गुंडाळू शकतो आणि मग बरोबर दोन कोटी येऊन तुझी दिशाभूल होईल. आता टास्कसेट नावाची कमांड वापरून तोच प्रोग्राम प्रोसेसरच्या एकाच कोरला बांध. चूक खूप कमी होईल, कदाचित दिसणारच नाही. चूक गेली असं मात्र वाटून घेऊ नकोस. ती दबा धरून बसली आहे. अशाच चुका ऑफिसातल्या मशीनवर दिसत नाहीत आणि गिऱ्हाइकाकडे दिसतात. शेवटी म्युटेक्स, म्हणजे एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप, लाव, उत्तर बरोबर येईल, आणि टाइम कमांडने मोज की त्या बरोबरपणाची किंमत किती पट वेळ पडली.

डेडलॉक, म्हणजे एकमेकांची वाट बघत सगळेच अडकणं, समजायला तुला पुस्तकातली जेवणाच्या टेबलावरची तत्त्वज्ञ मंडळी कशाला हवीत? तू रत्नागिरीहून घरी येताना आडवली किंवा विलवड्याला गाडी क्रॉसिंगसाठी उभी राहिलेली कितीदा पाहिली असशील. कोकण रेल्वेचा मार्ग 741 किलोमीटरचा, 26 जानेवारी 1998 ला पूर्ण खुला झाला, आणि आपल्याकडच्या बहुतेक पट्ट्यात तो एकेरी आहे. दोन स्टेशनांमधल्या तुकड्यात एका वेळी एकच गाडी. हा म्युटेक्स झाला. पूर्वी एकेरी मार्गावर चालकाच्या हातात टोकन द्यायचे, ते हातात असल्याशिवाय तुकड्यात शिरायचं नाही. म्युटेक्सचा भाऊबंद सेमाफोर, हा शब्दही रेल्वेच्या हात वर-खाली करणाऱ्या सिग्नलचा. 1960च्या दशकात डायक्स्ट्रा यांनी तो आपल्या शास्त्रात आणला.

आता अशी कल्पना कर: एका स्टेशनातल्या सगळ्या लाइनी दक्षिणेला जाणाऱ्या गाड्यांनी भरल्या आहेत, पुढच्या स्टेशनातल्या सगळ्या लाइनी उत्तरेला जाणाऱ्या गाड्यांनी. मधला रूळ रिकामा आहे, तरी कुणीच हलू शकत नाही. 1971 साली कॉफमन आणि सहकाऱ्यांनी मांडलेल्या चारही अटी इथे बोट ठेवून दाखवता येतात. एका लाइनीवर एकच गाडी. प्रत्येक गाडी आपली लाइन धरून पुढची मागते. गाडी उचलून बाजूला ठेवता येत नाही. आणि मागण्यांचा फेरा पूर्ण होतो. प्रत्यक्षात असं होत नाही, कारण पुढे जागा राहील याची खात्री असल्याशिवाय मागची गाडी सोडत नाहीत. पुस्तकात याला डेडलॉक अव्हॉइडन्स म्हणतात, आणि तू ज्याला ‘उगीच थांबवून ठेवलंय’ म्हणत खिडकीतून बाहेर बघत होतीस ते हेच.

उपमा मात्र इथेच सोडून दे, कारण उपमेत प्रोग्राम अडकत नाही. दोन थ्रेड, दोन कुलपं, एकाने क ख आणि दुसऱ्याने ख क अशी घ्यायची, मध्ये जरा झोपायचं. प्रोग्राम लटकेल. टॉपमध्ये बघ, प्रोसेसर शून्य टक्के खातोय. अनंत लूप आणि डेडलॉक यांच्यातला हा फरक आयुष्यभर उपयोगी पडतो. एसट्रेसला थ्रेडही दाखवायला सांगितलंस तर दोघं फ्युटेक्स या, कुलपासाठी थांबायच्या कर्नलकडच्या मागणीपाशी वाट बघत बसलेले दिसतील. मग दोघांना कुलपं एकाच क्रमाने घ्यायला लाव. चौथी अट मोडली, फेरा संपला.

आणि हे सगळं परीक्षेपुरतं आहे असं वाटलं तर पाथफाइंडर आठव. 4 जुलै 1997 ला नासाचं हे यान मंगळावर उतरलं आणि काही दिवसांत त्याचा कॉम्प्युटर पुन्हापुन्हा रीसेट होऊ लागला. हवामानाची नोंद करणारं कमी महत्त्वाचं काम एक म्युटेक्स धरून बसायचं, मधल्या महत्त्वाची कामं त्याला प्रोसेसर मिळू द्यायची नाहीत, आणि त्या म्युटेक्सची वाट बघणारं फार महत्त्वाचं काम खोळंबायचं. हीच प्रायॉरिटी इन्व्हर्जन. उपाय पुस्तकातलाच होता, प्रायॉरिटी इनहेरिटन्स: महत्त्वाचं काम वाट बघतंय तोवर कुलूप धरणाऱ्याला त्याचं महत्त्व उसनं द्यायचं. यंत्रणेत ती सोय होतीच, पण त्या म्युटेक्ससाठी बंद ठेवलेली होती. पृथ्वीवर तसंच यंत्र ठेवून बिघाड पुन्हा घडवला, आणि ती सोय चालू करणारा बदल मंगळावर पाठवला. ज्यांनी तो शोधला त्यांना थिअरी येत होती, आणि यंत्रात डोकावायची सवयही होती.

आता तुझ्या घरच्या अडचणी. लॅपटॉपची काळजी करू नकोस. हलक्या डेस्कटॉपचं लिनक्स 4 जीबीत नीट चालतं, आणि मी सांगितलेल्या कुठल्याच प्रयोगाला याहून जास्त लागत नाही. टाकण्याआधी घरातले फोटो, बाबांचे कागद दुसरीकडे उतरवून ठेव. नेटचं म्हणशील तर एक दिवस सड्यावर बसून लागेल ते एकदम उतरवून घे: कंपायलर, एसट्रेस, जीडीबी (चुका शोधायला), क्यूईएमयू (कॉम्प्युटरच्या आत खोटा कॉम्प्युटर चालवणारा प्रोग्राम), आणि मॅन पानांचा, म्हणजे माहितीच्या पानांचा, प्रोग्रामरांसाठी असलेला संच. एवढं झालं की पुढे आठवडेच्या आठवडे नेट लागत नाही. मॅनच्या दुसऱ्या विभागात सगळे सिस्टिम कॉल, म्हणजे प्रोग्रामने कर्नलला मारायच्या हाका, आहेत. फोर्कचं पान संथपणे, इंग्रजी अडलं तर दोनदा वाच. वहीत त्याचा सार मराठीत लिही, संज्ञा आहेत तशा ठेव. आपल्या भाषेत वाक्य जुळत नसेल तर ते समजलेलं नाही, ही माझी स्वतःची कसोटी आहे.

त्याच दिवशी एक्सव्ही6 पण उतरवून घे. एमआयटीने 2006 साली शिकवण्यासाठी बनवलेली ही छोटी ऑपरेटिंग सिस्टिम, जुन्या युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीच्या वळणाची. सगळा कोड दहा हजार ओळींच्या आत आहे, तो क्यूईएमयूमध्ये चालतो आणि तुझ्या लॅपटॉपला जाणवणारही नाही. लिनक्सचा कोड समुद्र आहे, त्यात एवढ्यात उतरू नकोस. एक्सव्ही6 मधलं शेड्युलर उघडून बघ: प्रोसेसचा 64 घरांचा तक्ता, त्यावर एक लूप, तयार असलेली प्रोसेस दिसली की तिला प्रोसेसर द्यायचा. परीक्षेत तू ज्याच्या आकृत्या काढल्यास ते राउंड रॉबिन हे एवढंच. आधी त्यात स्वतःचा एक सिस्टिम कॉल घाल, साधा, किती प्रोसेस जिवंत आहेत तो आकडा देणारा. चार-पाच फाइलींना हात लावावा लागेल, आणि युजरकडची हाक कर्नलपर्यंत कुठून कशी जाते ती वाट पाठ होईल. मग शेड्युलरला प्राधान्य शिकव. प्राधान्य आलं की कुणीतरी उपाशी राहील. कोण आणि का, ते चालवण्याआधी वहीत.

राहिली लाईट. मला तिच्याबद्दल बोलायचंच आहे.

मी नोकरीला लागून दुसरं वर्ष होतं. एका कंपनीत पावत्या फाइलीत नोंदवणारा प्रोग्राम माझ्याकडे होता. एका दुपारी लाईट गेली, यूपीएस टिकला नाही, आणि मशीन पुन्हा चालू केल्यावर शेवटच्या काही पावत्या नव्हत्या. ग्राहकाच्या हातात छापील पावती, आमच्या फाइलीत काही नाही. मी कोड तपासत राहिले: राइटने ‘झालं’ म्हणूनच उत्तर दिलं होतं. ज्या मुलीने बफर कॅशवर परीक्षेत पान भरून लिहिलं होतं तिला हे सुचायला दोन दिवस लागले, की राइटचं ‘झालं’ म्हणजे डिस्कवर गेलं असं नव्हे. कर्नलच्या मेमरीत पोचलं, एवढंच. लिनक्समध्ये नेहमीच्या मांडणीत असा बदललेला डेटा साधारण 30 सेकंद जुना झाला की डिस्ककडे पाठवायला काढतात. त्याआधी लाईट गेली तर तो गेला. डिस्कवर गेल्याशिवाय परत येऊ नकोस असं सांगायचं असेल तर एफसिंक करावं लागतं, आणि ते महाग असतं, म्हणून कुणी उगाच करत नाही. त्या पावत्या शेवटी कार्बन कॉपीवरून हाताने भरल्या. मी आणि काउंटरवरची मुलगी, रात्री नऊपर्यंत.

तुला हे लॅपटॉपची बॅटरी न काढता करता येईल. क्यूईएमयूमध्ये छोटं लिनक्स चालव, त्यात दर सेकंदाला फाइलीत एक आकडा लिहिणारा प्रोग्राम लाव आणि बाहेरून क्यूईएमयूलाच ठार कर. पुन्हा चालू करून बघ, शेवटचा आकडा कोणता उरला. मग एफसिंक घालून तेच कर. दोन्ही वेळा आधी अंदाज. फाइलीतले आकडे गेले तरी फाइलसिस्टिम मात्र धड उघडली, हेही तुझ्या लक्षात येईल. ते काम जर्नलिंगचं, म्हणजे बदल करण्याआधी त्याची नोंद ठेवण्याचं. तो धडा त्या रात्री वाच, पुस्तक स्वतःहून हातात घ्यावंसं वाटेल.

किती वेळ द्यायचा? रोज दीड तास पुरे, पण एका दिवसात एकच प्रयोग. लाईट नसेल त्या दिवशी कंदिलाच्या उजेडात वहीतली गणितं आणि दुसऱ्या दिवसाचे अंदाज. सुट्टीत शेलपासून थ्रेडपर्यंत होईल, एक्सव्ही6 सेमिस्टर सुरू झाल्यावर शनिवार-रविवारी.

सरांना जाऊन भेट आणि वहीतलं एखादं न सुटलेलं पान दाखव. वाद घालू नकोस. विद्यार्थी असा प्रश्न घेऊन आला की मास्तरांना काय वाटतं ते मी घरात पाहिलंय, माझे वडील शिक्षक होते. भावाला मात्र नमस्कार दोनदा का आला ते विचार. त्याला येत असेल तर तो आनंदाने तासभर बोलेल, येत नसेल तर दोघं मिळून शोधाल.

पुढच्या मुलाखतीत हाच प्रश्न आला तर एंटरपासून सुरुवात कर आणि जिथवर डोळ्यांनी पाहिलंय तिथवर जा. त्यापुढचं सांगताना ‘हे मी वाचलंय, चालवून पाहिलेलं नाही’ असं सरळ म्हण. मी स्वतः मुलाखती घेते तेव्हा एवढं वाक्य ऐकलं की पुढचे प्रश्न मी जास्त आस्थेने विचारते.

लिनक्स आणि कंपायलर टाकून झालं की फोर्कचा प्रयोग त्याच दिवशी कर, त्याला पुढे नेट लागत नाही. आणि वहीचं ते पहिलं पान, खोडाखोडीसकट, फोटो काढून मला पाठव. सड्यावर जाशील तेव्हा.

तुझी ताई